शिकाऊ शेतकऱ्याची भाकरी

महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी, रज्जुमार्गाच्या खालच्या स्थानकालगत, हिरकणीवाडी ही लहानशी वस्ती आहे. गडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी गवळण, सायंकाळी बंद झालेले दरवाजे आणि घरी एकट्या राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने ती उतरून गेलेला तो कडा, ही कथा मराठी मुलास पाळण्यातच ऐकावयास मिळते. इतिहासाचे अभ्यासक तिला आख्यायिका म्हणतात आणि ते योग्यच आहे. मात्र आख्यायिकेतही त्या काळच्या संसाराचे एक सत्य जपलेले असते. आईच्या मायेवर आपण इतके लिहिले आहे की त्या बाईच्या धंद्याकडे आपले लक्षच जात नाही. दोन-चार जनावरे, डोंगरउतारावरचा तुकडा आणि गडावरचे गिऱ्हाईक एवढ्यावर तिचे घर चालत होते. घरी पोर उपाशी असलेल्या माणसास गडावर मुक्काम करता येत नाही, मग वरची व्यवस्था कितीही चोख असो. शेतीच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना ही गोष्ट वारंवार आठवते, कारण गेल्या दीडशे वर्षांत शेतकऱ्यास शिकविण्याच्या ज्या योजना निघाल्या, त्यांतील बहुतेकींनी शिकण्याच्या काळात त्याचे घर कोण चालविणार हा प्रश्न दरवाजाबाहेरच ठेवला.

ज्या गडाच्या सावलीत ही वाडी आहे, त्या गडावर राजधानी असतानाचा एक कागद या प्रश्नाशी थेट भिडतो. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचे सुभेदार रामजी अनंत यांस पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, विशाळगडाखालचा मुलूख. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत आणि प्रत्येकाची परिस्थिती पाहावी, अशी त्यात आज्ञा आहे. ज्याच्याजवळ माणूसबळ, बैल आणि दाणे आहेत त्याचा प्रश्न नाही. ज्याच्या अंगात कष्टाची ताकद आहे, पण बैल नाही, नांगर नाही, पोटास दाणा नाही, त्याचे काम अडते. अशास बैलांसाठी रोख पैसा द्यावा, पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे आणि त्याच्याने होईल तेवढी जमीन त्याच्याकडून करून घ्यावी. पुढे वसूल करावयाचे ते केवळ मुद्दल. वाढीदिढी घ्यावयाची नाही आणि तेही त्यास ताकद येईल तसतसे, हळूहळू. याकामी दोन लाख लारींपर्यंत खर्च पडला तरी चालेल, असेही त्यात आहे. लारी म्हणजे त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर चालणारे, चांदीची तार दुमडून केलेले नाणे.

या पत्रात शिक्षणाचा शब्द नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याला बैल द्यावयाचे तो कुणबी शेती जाणणाराच होता. लढायांनी आणि उजाडीने त्याच्या हातचे अवजार गेले होते एवढेच. तरीही नव्याने उभ्या राहणाऱ्या लहान शेतकऱ्याचा हिशेब या पत्राइतका नेमका मांडलेला कागद दुसरा क्वचितच सापडेल. बैलाचा पैसा आणि पोटाचे धान्य या दोन बाबी त्यात वेगळ्या काढल्या आहेत. बैल हे भांडवल झाले. खंडीभर धान्य ही पीक हाती येईपर्यंतच्या महिन्यांची बेगमी झाली. आजच्या आपल्या बहुतेक कर्जयोजना पहिली बाब देतात आणि दुसरीचा विसर पडू देतात. मग शेतकरी बैलाच्या पैशातून मीठमिरची आणतो आणि अधिकारी त्याच्या नावापुढे ‘कर्जाचा गैरवापर’ असे लिहितात.

सुताराकडे किंवा लोहाराकडे शिकणाऱ्या पोराच्या हातून एखादी फळी बिघडते, एखादे लोखंड वाया जाते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसतो. शेतीत चूक एकदा झाली की वर्ष जाते. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात तर हे फारच खरे आहे. फाल्गुन-चैत्रात टहाळ, पाला आणि शेणी पसरून राब भाजावयाचा, मृगाच्या तोंडावर त्यात भात टाकावयाचे, आषाढात चिखलणी करून आवण लावावयाचे. उतारावरच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक वा काळे तीळ आणि त्यानंतर ती जमीन काही वर्षे ओसाड सोडावयाची. हे सारे कुठल्याही पुस्तकात पाहून करण्यासारखे नाही. राब किती भाजला म्हणजे तणाचे बी मरते, रोप किती दिवसांचे झाले म्हणजे उपटावे, बांध कुठे फोडून पाणी सोडावे, ही विद्या हातात आणि डोळ्यांत असते. नवशिक्यास ती मिळवावयास तीन-चार पावसाळे लागतात आणि त्यांपैकी पहिले एक-दोन तरी तोट्याचे जातात. हा तोटा सोसण्याची ऐपत ज्याच्यापाशी असते, तोच शिकतो. ज्याच्यापाशी ती नसते, तो मुंबईची एसटी धरतो.

आपल्या भाषेत ‘उमेदवारी’ असा एक शब्द आहे. कचेरीत उमेदवारी करणे म्हणजे बिनपगारी राबून काम शिकणे. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटत असे, त्यांच्याच मुलांनी उमेदवारी केली आणि पुढे नोकऱ्या मिळविल्या, हे सांगावयास नको. शेतीत याच्या नेमके उलट घडले. तेथे सालगडी वर्षाचे दाणे, कपडालत्ता आणि काही रोकड घेऊन धन्याच्या शेतात राबे. पोटास मिळत असे आणि विद्याही मिळत असे. पण तीस वर्षे अशी ‘सवेतन’ शेती शिकूनही त्यास स्वतःचा पाव एकर लाभत नसे. वेतन, विद्या आणि जमीन या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्यास आल्या, असे प्रसंग आपल्या इतिहासात मोजकेच आहेत.

इंग्रजी अमदानीत हा विषय प्रथम नीट मांडला तो जोतीराव फुले यांनी. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. खेड्यांतील प्राथमिक शाळांत शेतीचे मूलज्ञान द्यावे आणि शाळेस लागून एक लहानसे नमुना शेत असावे, म्हणजे मुलांस प्रत्यक्ष धडे मिळतील, अशी सूचना त्यांनी केली. त्याचबरोबर खालच्या थरांतील मुले शाळेत यावीत म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असेही ते म्हणाले. कष्टकऱ्याचे मूल शाळेत बसले की घरची गुरे राखणारा एक हात कमी होतो, हे जोतीरावांस आयोगाच्या सदस्यांहून अधिक ठाऊक होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला.

सरकारने यातले थोडे उचलले, तेही फार उशिरा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुण्याजवळ लोणी येथे मराठी माध्यमाची शेतकी शाळा चालू झाली. पुणे शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांचा तो काळ. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून दख्खनच्या खेड्यातील जमीन आणि मजुरी यांवर त्यांनी १९१७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते आजही वाचण्याजोगे आहे. लोणीची शाळा शेतकऱ्यांच्या मुलांसाठी होती. मुले तेथेच राहत आणि अर्धा वेळ वर्गात, अर्धा वेळ शेतात घालवीत. या नमुन्यावर मुंबई इलाख्यात आणखीही शाळा निघाल्या. १९२६ साली नेमलेल्या, लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात लोणीची पद्धत आणि पंजाबची पद्धत यांची तुलना केली. पंजाबात साध्या मराठी शाळेसारख्याच देशी भाषेच्या मधल्या शाळेत शेती हा एक विषय म्हणून शिकवीत. मुले आपापल्या घरून येत. आयोगाने कौल पंजाबच्या बाजूने दिला. लोणीच्या पद्धतीत दर मुलामागे खर्च फार होता. आता, निवासी शाळेत मुलाच्या जेवणाचा खर्च दिसतो, कारण तो वहीत लिहिला जातो. घरून येणाऱ्या मुलाच्या जेवणाचा खर्च दिसत नाही, कारण तो त्याची आई करते. आयोगाचा हिशेब चुकला असे आम्ही म्हणत नाही. तो हिशेब सरकारी तिजोरीचा होता, इतकेच.

याच महाडात १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी या परिषदेमुळे अजरामर झाले आणि त्या तेजात परिषदेतील दुसरा एक विचार झाकोळला गेला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस वतनाच्या तुकड्यावर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे शेती करण्याचा, पडीक व जंगल जमिनी मिळवून कसण्याचा उपदेश केला होता. जमीन मिळाल्यावाचून माणूस ताठ उभा राहत नाही, हे कोकणच्या खोतीत जन्म काढलेल्यांस वेगळे सांगावे लागत नव्हते. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. मग कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कूळ कागदोपत्री मालक झाले. पण तोवर घरातला कर्ता पुरुष गिरणगावात पोहोचला होता. भाताचे खाचर बायका सांभाळीत. मुंबईहून येणारी मनिऑर्डर बैलाचे आणि मिठाचे पैसे पुरवी. एका अर्थाने मुंबईच्या गिरण्यांनीच कोकणातील लहान शेतीस कितीतरी वर्षे वेतन दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि हे वेतन थांबले. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतले कितीतरी पुन्हा आपल्या गावी आले. चाळिशी-पंचेचाळिशी गाठलेला, साच्यावर उभे राहण्यात उमर गेलेला माणूस वडिलांच्या वरकसावर कुदळ घेऊन उतरला, तेव्हा तो सर्वार्थाने नवशिका शेतकरी होता. त्याची बायको त्याच्याहून जाणती शेतकरीण होती, पण सातबाऱ्यावर नाव त्याचे होते. या माणसांस शेती शिकविण्यासाठी, शिकत असताना चार पावसाळे जगविण्यासाठी कोणी योजना केली असती, तर आज डोंगरांवरची ओसाड पडलेली खाचरे काही वेगळी दिसली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात शिकणाऱ्याच्या पोटाची सोय आधी पाहणारी एक जुनी परंपरा आहे. १०९८ साली सितो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन संघाने बाराव्या शतकात ओसाड रानांत शेतवाड्या उभारल्या आणि तेथे शेतकरी कुळांतील निरक्षर माणसांस बंधू म्हणून घेतले. त्यांस अन्नवस्त्र होते आणि पाणी वळविण्यापासून मेंढ्या पाळण्यापर्यंतची विद्या होती. मात्र जमीन मठाची. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात शेती हा मागे पडलेला व्यवसाय आहे असे स्पष्ट म्हटले आणि शेतकऱ्यास पतपुरवठा, सामाजिक विमा, रास्त भाव आणि व्यवसायाचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे मांडले. महाराष्ट्रात या विचारास हातपाय फुटले ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांचे सारे आयुष्य नगरच्या दुष्काळी भागात गेले. सोशल सेंटर ही संस्था त्यांनी उभी केली. १९७२ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्या दुष्काळात सरकारने लाखो माणसांस खडी फोडण्याचे आणि नालाबांधाचे काम दिले. रोजगार हमीचा कायदा पुढे २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांनी माणसे जगली, हे मोठेच पुण्य होय. परंतु खडी फोडणारा शेतकरी खडी फोडावयासच शिकला. काम संपले, मुकादम गेला, की बांधाचे पुढे काय करावयाचे हे कोणास ठाऊक नसे.

फादर बाखर यांच्या पुढाकाराने १९८९ साली भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची उभारणी सुरू झाली. नाबार्ड, जर्मन शासनाच्या संस्था आणि गावोगावच्या स्वयंसेवी संस्था त्यात होत्या. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था गावकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्थापन केली. या कार्यक्रमाची जी बाब आमच्या विषयाशी निगडित आहे, ती म्हणजे त्यातील क्षमताबांधणीचा टप्पा. गावाने अर्ज केला आणि पैसा आला, असे तेथे होत नसे. आधी गावकऱ्यांनी चार दिवस श्रमदान करून आपली तयारी दाखवावयाची. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावयाची. मग गावाच्या शिवारातील शे-दीडशे हेक्टरांचा एक तुकडा शिकण्यासाठी घ्यावयाचा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल रेषा कशी आखावी, चर किती खोल खणावा, सांडवा कुठे ठेवावा, हजेरीपट कसा भरावा, बँकेचे खाते कसे चालवावे, हे सारे गावकरी त्या तुकड्यावर काम करीत शिकत आणि त्या कामाची मजुरी त्यांस मिळे. पूर्ण गावाचे काम त्यानंतर हाती येई.

बारकाईने पाहिले तर या व्यवस्थेत शाही आयोगाची अडचण सुटलेली दिसते. शिकणाऱ्यास दिलेला पैसा येथे खर्चाच्या बाजूस एकटा पडत नाही. त्याच पैशाने चर खणला जातो, माती अडते, विहिरीस पाणी वाढते. शिकताना एखादा चर वाकडा गेला तर तो दुसऱ्या दिवशी बुजवून पुन्हा खणता येतो. त्यासाठी पीक गमवावे लागत नाही. शेतीतील चुकीची किंमत वर्षाहून कमी करण्याचा उपाय म्हणून या पद्धतीकडे पाहिले पाहिजे. मजुरीतला काही भाग मात्र गावकऱ्यांनी श्रमदानाने सोडावयाचा असे. अकुशल मजुरीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याचे हे श्रमदान होते. भूमिहीनांस त्यातून सूट होती, कारण बांध ज्यांच्या शेतात पडतो त्यांनी घाम गाळावा, ज्यांस शेतच नाही त्यांनी का? श्रमदानावरून गावोगाव वाद झाले, हे खरे. चराईबंदीमुळे शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबांवर ओझे पडले, हेही खरे आणि ती टीका कार्यक्रमावर वेळोवेळी झाली. तरी संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी उजाड गावे ज्यांनी आधी आणि नंतर पाहिली, त्यांस या पद्धतीचे फळ समजावून सांगावे लागत नाही. फादर बाखर १४ सप्टेंबर २०२१ रोजी देवाघरी गेले.

कोकणात अशीच एक गोष्ट सरकारनेच केली, पण तिच्याकडे शिक्षण म्हणून कोणी पाहिले नाही. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली. तोवर रोजगार हमीची मजुरी सार्वजनिक कामावरच मिळे. आता लहान शेतकऱ्याने आपल्याच वरकसावर खड्डा खणावा, आंब्याचे वा काजूचे कलम लावावे, त्यास पाणी घालावे आणि त्याची मजुरी सरकारकडून घ्यावी, असे ठरले. अनुदान तीन वर्षांत, कलमे जगतील त्या प्रमाणात मिळावयाचे. स्वतःच्या शेतात राबल्याबद्दल वेतन ही कल्पनाच आमच्या शेतकऱ्यास अपूर्व होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळांवर आज दिसणाऱ्या काजू-आंब्यांच्या बागांत या योजनेचा वाटा मोठा आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात ती तितकी रुजली नाही. येथे सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावंडांची वीस-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबई-सुरतेस. सगळ्यांची संमती आणावयाची तर कलम लावण्याचा हंगाम निघून जातो. शिवाय चैत्रात वणवा लागला की तीन वर्षांची कलमे एका दुपारी जातात. २०१८ साली आलेल्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही अनुदानाचे तीन हप्ते, ५०, ३० आणि २० टक्के असे, कलमे जगण्याशीच बांधलेले आहेत. कलम जगविण्याची ज्याची विद्या कच्ची आहे, त्यास तोटा सोसण्याची सोय मात्र तीत नाही.

जगात इतरत्र याबाबत अधिक मोकळेपणाने विचार झाला आहे. जपानमध्ये शेतकरी म्हातारे होत चालले आणि शेते ओस पडू लागली, तेव्हा २०१२ साली तेथील शासनाने शेतीत नव्याने येणाऱ्या तरुणांस वर्षाला पंधरा लाख येनपर्यंत देण्याची योजना काढली. शेती शिकण्याच्या काळात दोन वर्षांपर्यंत आणि स्वतःची शेती सुरू केल्यावर पुढे पाच वर्षांपर्यंत ही रक्कम मिळावयाची. तिचे तपशील नंतर बदलले, पण शिकण्याचा काळ आणि जम बसण्याचा काळ असे दोन वेगळे काळ मानून दोन्हींत पोटाची सोय करावी, हे तिचे मूळ सूत्र. आपल्या प्रभावळीच्या पत्रातील बैलाचा पैसा आणि खंडीचे धान्य यांची येथे आठवण होते.

आपल्याकडे रोह्याजवळ किल्ला येथे रायगड जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीस १९७२ पासून कोकणचे कृषी विद्यापीठ आहे. तेथील प्रशिक्षणे उपयुक्त असतात, पण ती बहुधा काही दिवसांची असतात. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. बारावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका घेतलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० असे विद्यावेतन तीत ठरले. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती. मृगात राब पेरल्यापासून कार्तिकात भात घरी येईपर्यंत जवळजवळ तेवढाच काळ जातो. मात्र या योजनेत तरुणाने काम शिकावयाचे ते नोंदणी झालेल्या आस्थापनेत अथवा शासकीय कार्यालयात. हिरकणीवाडीतील एखाद्या जाणत्या म्हाताऱ्या शेतकरणीचे पाऊण एकराचे खाचर, जिथे आवण कधी उपटावे हे हाताने कळते, ते आस्थापना या शब्दात बसत नाही. तिचा नातू रज्जुमार्गाच्या वाटेवर पर्यटकांस लिंबू-सरबत विकतो. तेथे रोजचे रोज पैसे मिळतात.